जोंधळा उभा होता तोवर

गेल्या आठवड्यापासून आमच्या रस्त्याने कडब्याच्या गाड्या जाऊ लागल्या आहेत. गाडी इतकी भरलेली असते की मागून पाहिले तर बैलही दिसत नाहीत आणि हाकणाराही दिसत नाही. नुसता कडबाच चालल्यासारखा वाटतो. समोरच्या बिऱ्हाडातली मंडळी गाडी गेली की खोल श्वास घेतात आणि म्हणतात, यंदा हुरड्याला जायचे राहूनच गेले. मलाही तो वास आवडतो. पण कडबा दिसला की माझ्या मनात आधी येते ते निराळेच : आज कोणते शेत मोकळे झाले, आणि त्या शेताच्या कडेला कोणाकोणाची घरे आहेत.

मी हिशेबी बाई आहे. सकाळी उठले की दिवसाची कामे कागदाच्या तुकड्यावर लिहिते, झालेल्या कामावर रेघ मारते, आणि दिवेलागणीला राहिलेली कामे दुसऱ्या कागदावर उतरवते. घरातले हसतात. हसू देत. पण दरवर्षी सुगीच्या या पंधरा दिवसांत माझे लिहिणे बंद असते. का, ते कोणी विचारत नाही, आणि मीही आजवर सांगितलेले नाही.

बारा वर्षांपूर्वी आम्ही सोलापूरच्या अगदी कडेला, अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चार बिऱ्हाडांच्या एका ओळीत राहात होतो. हे गिरणीच्या कापडगोदामात कारकून होते. गिरणीचा भोंगा तिथवर ऐकू यायचा. नळ मात्र तिथवर आला नव्हता. मागचे दार उघडले की हातभर परस, परसात सामाईक विहीर, आणि कुडापलीकडे लगेच शाळूचे, म्हणजे रब्बीच्या जोंधळ्याचे, शेत. शौचकूप नव्हता. घरमालकाला मी दोनदा विचारले. विहीर जवळ आहे, खड्डा काढू देणार नाही, असे तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पुरुष लांब ओढ्याकडे जात. आम्ही बायका उजाडायच्या आत आणि दिवे लागल्यावर. मधल्या बारा तासांत बायकांना पोट नसते, असे सगळ्यांनी धरून चाललेले होते.

त्या घरात मार्गशीर्षात माझी नणंद आली. गोदू. एकोणीस वर्षांची, केम गावी दिलेली. पहिले मूल आठव्या महिन्यात झाले, हाती लागले नाही, आणि तेव्हापासून तिचे पोट जे बिघडले ते वर्ष झाले तरी थांबले नव्हते. संग्रहणी. तिला पोचवायला तिचे सासरे आले होते. भला माणूस, पण शब्द मोजून बोलणारा. आत या म्हटले तरी ओट्यावरच बसले.

"सुगी उरकली की येतो," ते ह्यांना म्हणाले. "बरी झाली आसंल तर न्हेतो. न्हाय झाली तर पोराचं दुसरं बघावं लागंल. आमच्यात दोन हातांवर चार हातांचं काम हाय, पाव्हणं. म्हातारीच्या भाच्याची पोर हाय. बघून ठिवलीया."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. बैलजोडीतला एक बैल लंगडा झाला तर शेतकरी जसा बोलतो तसे ते बोलले. सवत आणण्यात तेव्हा कोणाला वावगे वाटत नसे. गोदू दाराआड उभी होती. तिने ऐकले आणि आत जाऊन भांडी घासायला बसली.

म्हणजे आमच्यापुढचे काम स्पष्ट होते. सुगी उरकायच्या आत गोदूला बरे करायचे. मी एक कोरी वही काढली.

वैद्यबुवांनी पर्पटीचा कल्प सांगितला. अन्न बंद, मीठ बंद, पाणीदेखील बंद. दिवसातून ठरलेल्या वेळी पर्पटीची पुडी, आणि बाकी सगळे ताक. भूक लागली तरी ताक, तहान लागली तरी ताक. शेळीच्या दुधाचे, गोड, ताजे घुसळलेले. "किती वेळा जावे लागते ते रोज लिहून ठेवा," ते म्हणाले. "आकडा उतरला पाहिजे. आकडा उतरला की मुगाचे पाणी, मग भाताची पेज, मग भाकरी."

वहीत मी रकाने आखले : तिथी, पुडी, ताक, झोप, आणि शेवटचा रकाना 'बाहेर'. तो शब्द शोधायला मला वेळ लागला. या एका कामाला आपल्याकडे किती शब्द आहेत, आणि सगळे दुसरीकडे बोट दाखवणारे. परसाकडे, बाहेर, दिशेला, झाड्याला. कामाचे नाव घ्यायचे नाही, जागेचे घ्यायचे. जिला जागाच नाही तिने काय म्हणावे?

जागा होती म्हणा, त्या हंगामापुरती. शाळू पुरुषभर उंच झाला होता. कुडाच्या फटीतून गोदू आत शिरली की दहा पावलांवर दिसेनाशी व्हायची. बाकीच्या बायकांना उजाडायच्या आतला अंधार पुरायचा. तिला भर दिवसा जोंधळा लागायचा. मार्गशीर्ष, पौष, माघ. लोक त्या पिकाकडे पाहून कणसे किती भरली ते बघायचे. मी ताटे किती दाट आहेत ते बघायची.

दुखणे एकाच्या पोटात असते आणि बाकीच्यांच्या निरनिराळ्या ठिकाणी शिरते, हे मला त्या तीन महिन्यांत कळले. ते माझ्या कानात शिरले. मागच्या दाराच्या कडीचा आवाज मला कुठेही ऐकू यायचा. विहिरीवर, चुलीपुढे, शेजारणीशी बोलताना. कडी वाजली की मनात आकडा पुढे सरकायचा. पुढे पुढे कडी वाजली की माझ्याच पोटात कळ यायची. वैद्यबुवांनी माझी नाडी पाहिली आणि म्हणाले, "तुमच्या पोटात काही नाही, बाई. कानात आहे."

ह्यांच्या बाबतीत ते जिभेवर बसले. बहिणीच्या पोटाबद्दल भावाने बोलायचे कसे? कामावरून आले की हातपाय धुता धुता एकच शब्द विचारायचे, "आज?" मी बोटे दाखवायची. पाच-सहा बोटे असली तर दोन भाकरी. दोन्ही हात वर केले तर एक, तीही अर्धी ताटातच राहायची. फोडणीचा वास आला की गोदू भिंतीकडे तोंड करून निजायची, म्हणून ती शेतात गेली की मी घाईघाईने फोडणी टाकायची. तिचे बाहेर जाणे आणि आमची आमटी यांची अशी सांगड पडली होती. एकदा हे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, कांदा-चटणी खाताना सापडले. मला पाहून त्यांनी कांदा मागे लपवला. चाळिशीला आलेला माणूस.

आमची कुसुम तेव्हा आठ वर्षांची होती. तिच्या भातुकलीतली बाहुली दोन महिने काही जेवली नाही. लाकडी वाटीतून खोटे ताक, आणि पाटीवर रेघा. "हिला आज नऊ झाले," ती मला माझ्याच आवाजात सांगायची. "अशानं कसं व्हायचं?"

संक्रांतीला आम्ही गड्ड्याच्या जत्रेला गेलो नाही, हळदीकुंकू केले नाही. ओळीतल्या शेवटच्या बिऱ्हाडातल्या बाईने आपली पोरे आमच्याकडे पाठवायचे बंद केले. भेटली की गोड बोलायची, पण पाण्याला आमच्यानंतर येऊ लागली. आधी कळशी राखेने घासायची, मग भरायची. मी बघते आहे हे तिला दिसायचे.

आणि मी. मी कामात चुकले नाही. दिवसातून तीनदा ताक घुसळले, पुडीची वेळ कधी टळू दिली नाही. पण एका दुपारी, चौथ्यांदा की पाचव्यांदा, तिचा हात कडीवर दिसला आणि माझ्या तोंडून गेले, "पुन्हा? आत्ताच तर आलीस की." आवाज फार चढला नव्हता. थकलेल्या माणसाचा असतो तेवढाच. तिने हात काढून घेतला, परत येऊन वाकळेवर बसली आणि गुडघे पोटाशी धरले. मी ताक घुसळत राहिले.

त्यानंतर आकडा उतरू लागला. नऊ, आठ, सहा. माघ लागला तेव्हा पाच. मी तांबड्या पेन्सिलीने पाचाखाली रेघ ओढली. ह्यांच्या ताटात दोन भाकऱ्या दिसू लागल्या.

माघातच काढणी सुरू झाली. आमच्याकडे शाळू कापत नाहीत, मुळासकट उपटतात. तेही पहाटेच्या दवात, ताटे मऊ असताना. एकेक बाई चार-सहा ओळी अंगावर घेते. त्याला पात म्हणतात. पाती धरून बायका शेताच्या पलीकडच्या टोकापासून आमच्या घराच्या दिशेने सरकू लागल्या. सकाळी कुडाजवळ उभी राहून मी किती अंतर राहिले याचा अदमास घ्यायची. एक घड्याळ केमला चालू होते, एक माझ्या दारामागे, आणि दोन्हींचे काटे त्या बायकाच फिरवत होत्या.

शेताच्या मालकाची भावजय शेवंताबाई. पन्नाशीची, विधवा, चार शेळ्या राखून होती, आणि दुधासाठी मी रोज तिच्या खोपटावर जायची. पीक उभे असेतोवर ती दिवसभर शेतातल्या माळ्यावर बसायची, हातात गोफण घेऊन, कणसांवर उतरणाऱ्या भोरड्या हाकायला. तिच्याशी बोलायचे ठरवून मी गेले. काय काय बोलायचे ते मनात लावून ठेवले होते.

"शेवंताबाई, तुमची काढणी त्या अंगानं चाललीये ना? मग ह्या अंगाचं अगदी शेवटी घ्याल का? आमच्या घरात धूळ फार येते."

ती शेळी पिळत होती. मान वर न करता म्हणाली, "दवात उपटत्यात, वैनी. दवात कसली धूळ?"

"शिवाय पाहुणे यायचेत."

"जोंधळा बघायला?"

तिने धार थांबवली आणि शेळीच्या पाठीवर हात ठेवून माझ्याकडे पाहिले.

"तुमची नणंद आत शिरली की भोरड्या उटत्यात. म्या वर बसल्याली आसती. त्या अंगाला मला गोफण घालायच लागत न्हाय. ठावं हाय की मला. बाईमानसाचं पोट बाईमानसाला धुळीच्या नावानं सांगाय लागतंय व्हय?"

मी खाली बसले. मग मला बरे वाटले, आणि बरे वाटल्यामुळे थोडी फुशारकीही आली. "आता पुष्कळ कमी आहे," मी म्हणाले. "काल पाचदाच."

"काल?" तिने बोटे मोडायला सुरुवात केली. एका हाताची संपली, दुसऱ्या हाताची संपली. "काल अकरा येळा उटल्या भोरड्या. दुपारपस्तोर सात, मंग चार."

"छे. मी लिहून ठेवते, शेवंताबाई."

"येकांदं मांजर गेलं आसंल आत. धा धरा. पर पाच न्हाय. पाखरांना तुमच्या वहीचं काय भ्या हाय?"

दुधाचा तांब्या घेऊन मी घरी आले ते सरळ मागच्या दाराशी. कडीला चिंधी गुंडाळलेली होती. नीट, दोन वेढे देऊन, टोक आत खोवून. दोन आठवडे ती चिंधी मला दिसत होती, आणि कुसुमचा खेळ असेल म्हणून मी तिच्याकडे दोन आठवडे पाहात नव्हते. मी विहिरीवर जायची, शेजारी जायची, डोळा लागला तर पाऊण तास पडायची; तेवढ्या वेळात ही पोर आवाज न करता जाऊन येत होती. आणि बाकीचा वेळ दात दाबून बसत होती.

मी वही ट्रंकेत टाकली. "आजपासून वही नाही," मी तिला सांगितले. "वैद्यबुवांना तूच सांगत जा."

तिने माझ्याकडे पाहिले. "किती सांगू, वहिनी?"

हा प्रश्न तिने खरोखरच विचारला होता. टोमणा नव्हता. तुम्हांला कोणता आकडा हवा तो सांगा, मी तो देते, असे तिचे डोळे म्हणत होते.

"असेल तो," मी म्हणाले.

तिने वाकळेची घडी केली. मग म्हणाली, "तुम्ही पाच लिहिलंत त्या दिवशी दादा दोन भाकरी जेवला."

तिची शुश्रूषा मी करत होते असे मला वाटत होते. आमची शुश्रूषा ती करत होती. घरात सगळे जेवावेत म्हणून तिने तो आकडा शिजवला होता, आणि मी त्याला तांबडी पेन्सिल लावली होती. दुखणाइताजवळ बसणारे माणूस त्याच्या तोंडाकडे पाहते म्हणतात. मी बघत होते ती वही, आणि ती बघत होती ते माझे तोंड. मी तिला कधी शिवी दिली नाही, उपाशी ठेवले नाही. नुसते मोजले. मोजण्याची एवढी भीती वाटू शकते हे मला ठाऊक नव्हते.

खरा आकडा वैद्यबुवांना कळल्यावर त्यांनी पुडी बदलली. ते रागावले नाहीत, त्यामुळे मला जास्त लागले. हळूहळू अकराचे नऊ झाले, नऊचे आठ. पण काढणी थांबत नव्हती.

शेवंताबाई मला म्हणाली होती, "दिराला खरं कारन सांगितलं तर समद्या गावात लाज काडंल. तुमी गप ऱ्हावा. म्या बगती." दोन दिवसांनी सकाळी काढणीच्या बायका आमच्या कुडापासून चारेक पाती लांब थबकल्या आणि दुसऱ्याच अंगाला वळल्या. मला कळेना. दुधाला गेले तेव्हा शेवंताबाई नेहमीसारखी शेळी पिळत होती.

"नाग दिसला म्हनलं तितं," ती म्हणाली. "हाताएवढा. फना काडून हुबा. आता पंधरा दीस कोन जातंय तिकडं."

मी तिला हात जोडले. आम्हां दोघींनाही त्या शहाणपणाची फार मौज वाटली. चार दिवस छान गेले. शेत उघडे पडत गेले आणि आमच्या कुडाला लागून हिरवट-पिवळ्या ताटांची एक पट्टी तेवढी उभी राहिली.

नाग दिसला की लोक तिकडे जात नाहीत, हे खरे. पण सोमवारी, महादेवाच्या वारी, पूजेला जातात, हे आम्ही दोघी विसरलो होतो.

त्या सोमवारी सकाळी गोदू आत गेली आणि पाचच मिनिटांत शेताकडून बायका येताना दिसल्या. बारा-पंधरा तरी असतील. हातात तबके, तबकांत दूध-लाह्या, हळदकुंकू. काढणीच्या बायका होत्या, रस्त्यापलीकडच्या वस्तीतल्या होत्या, आणि कळशी राखेने घासणारी आमची शेजारीणही होती. पट्टी ती केवढी, आणि त्या थेट तिच्यावर चालून आलेल्या. आणखी दहा पावले, की एकोणीस वर्षांच्या पोरीने जन्मात पुन्हा तोंड वर केले नसते, आणि केमला ही गोष्ट रेल्वेच्या आधी पोचली असती.

मी घरात धावले. चुलीजवळचा दुधाचा तांब्या उचलला. गोदूच्या विरजणाचे दूध होते ते. कुडाच्या फटीतून बाहेर पडले आणि त्या बायकांच्या आणि जोंधळ्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

"पुढं येऊ नका," मी म्हणाले. "जोडी आहे. सकाळीच पाहिली मी."

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही, हे शेजारणीला ठाऊक होते. म्हणूनच तिचा विश्वास बसला. बायका जागच्या जागी बसल्या. मी सगळे दूध तिथल्या ढेकळांत ओतले आणि डोळे मिटले. कोणीतरी नागोबाचे गाणे सुरू केले. ते संपेना. मला पुढच्या ओळी येत नव्हत्या, तरी मी सर्वांत मोठ्याने म्हणत होते. मध्येच आतून ताटे हलली. वारा अजिबात नव्हता.

"सळसळलं बगा," एक बाई पुटपुटली. सगळ्यांनी हात जोडले. शेजारणीने जमिनीला कपाळ टेकले.

त्या गेल्यावरही मी बराच वेळ तिथेच उभी होते. मग गोदू बाहेर आली. पाने कापून हातभर ओरखडे, लुगड्याला कुसळे, पाय बधिर झालेले. मागच्या पायरीवर ती बसली आणि हसू लागली. मार्गशीर्षापासून मी तिला हसताना पाहिले नव्हते. "वहिनी," ती म्हणाली, "माझी पूजा झाली." मीही हसले. मग तिचे हसणे थांबेना, आणि थांबले तेव्हा ते रडणे झालेले होते, आणि मला मधली सीमा काही सापडली नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या पट्टीपाशी माणसांचा राबता सुरू झाला. शेवटी मालक कंटाळला. त्याने नारळ फोडला, नागाला दुसरीकडे जायची विनंती केली आणि एका सकाळी उरलेल्या पाती उपटून टाकल्या. मागचे दार उघडले तर थेट लांबच्या बाभळींपर्यंत काही आड येईना.

त्याच आठवड्यात गोदूचे सासरे आले. याही वेळी ओट्यावरच बसले. हे समोर, मी उंबऱ्याशी, गोदू दाराआड.

"कसं हाय?"

"बरंच बरं आहे," मी म्हणाले. "अंग धरलंय. वैद्यबुवा आता मुगाचं पाणी सुरू करणार."

"त्ये न्हवं. दिसातनं किती येळा?"

हे भांड्यातल्या पाण्याकडे पाहू लागले. सासऱ्यांनी बघून ठेवलेली ती पोर माझ्या डोळ्यांपुढे आली. मी अडखळले नाही. यादी वाचावी तसे म्हणाले, "दोनदा. फार तर तीनदा."

"सात," दाराआडून आवाज आला.

सासऱ्यांची मान दाराकडे वळली. मग तीच पुन्हा म्हणाली, "मामंजी, आज सात. काल आठ. न्यायचं असलं तर न्या. पण सात धरून न्या."

सासऱ्यांनी डोक्याचा रुमाल काढला, गुडघ्यावर ठेवून त्याची घडी केली, पुन्हा उलगडला, पुन्हा बांधला. सून आपल्याशी एवढे बोलली याचाच त्यांना धक्का असावा. पाणीही न पिता ते उठले. "गाडीची येळ झाली," म्हणाले. गाडीला अजून तीन तास होते.

मी आत गेले आणि तिच्यावर तुटून पडले. सगळे केले-सवरलेले मातीत घातलेस म्हणाले. तिने मला बोलून घेऊ दिले.

"तुम्ही दोन सांगितलंत," ती म्हणाली, "तर तिथं मला दोनदाच उठता आलं असतं, वहिनी. तिथंही जोंधळा निघालाय."

मी उठून तिची पुडी आणि ताक काढले.

केमहून पत्र आले नाही. शिमगा झाला. ह्यांनी "आज?" विचारायचे सोडले होते, नुसते माझ्याकडे बघायचे, आणि ते बघणे आकड्याबद्दल नसायचे. एक-दोनदा मी केमला लिहायला पोस्टकार्ड घेतले आणि पहिल्या ओळीवरच अडले.

गोदूचे पुढे काय झाले ते सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. चैत्रात कल्प उतरला, पेज पचली, भाकरी पचायला वर्ष गेले. पुरती बरी अशी ती कधीच झाली नाही. दर पावसाळ्यात दुखणे डोके वर काढते, दोन महिने ताकावर काढते, पुन्हा उभी राहते. मूलबाळ नाही. इतकी वर्षे झाली, तरी ती आमच्याकडे आली की मी मागचे दार असलेल्या खोलीत निजत नाही; माझ्या कानांवर माझा भरवसा नाही.

पण सुगी आली की मला आठवते ती रंगपंचमीनंतरची एक दुपार. दारात आमचे जावई उभे होते, गोदूचे यजमान महादेवराव. तेविशीचे, उंच, बोलायला संकोची. लग्नानंतर मी त्यांना दोनदाच पाहिले होते. बसा म्हटले तर बसले नाहीत.

"बापानं धाडलंय," ते म्हणाले.

"काय म्हणाले?" ह्यांनी विचारले.

"काय न्हाय. हितनं आल्यापास्नं कुनासंगं बोलला न्हाय. परवा म्हनला, जा, आंतर बगून ये."

"कसलं अंतर?"

महादेवरावांचे कान तांबडे झाले. "ही जाती कुटवर, त्ये."

मी त्यांना मागच्या दाराशी नेले. बघून ठेवलेल्या पोरीचे काय, हा माझा पहिला प्रश्न होता, आणि मनात त्यानंतर आणखी चार होते. एकही विचारला नाही. बाहेर नुसती ढेकळे तापत होती. पट्टीचे पलीकडचे टोक जिथे होते तिकडे मी बोट केले. त्यांनी उंबऱ्याला टाच लावली आणि चालायला सुरुवात केली, तोंडाने मोजत. अठ्ठावीसला थांबले. तिथून त्यांनी मागे वळून पाहिले. आमचे दार, चारही बिऱ्हाडे, विहीर, रस्ता. तिथे उभे राहिले की काय काय दिसते आणि कोणाकोणाला आपण दिसतो, ते त्यांनी सावकाश पाहून घेतले. मग परत आले.

"लई लांब हाय," ते दाराच्या चौकटीला म्हणाले. "आमच्यात म्या परड्यात खड्डा घेतलाय. भवतीनं बाभळीचा कूड घालतोय, कायमचा. दारापास्नं धा पावलं."

आत भांडे ठेवल्याचा आवाज झाला.

"वहिनी," गोदू आतूनच म्हणाली, "त्यांना म्हणावं, सहावर घ्या."

महादेवराव जमिनीकडे बघत राहिले. मनातल्या मनात ते आपल्या परड्यात उभे असावेत. "सहावर मुरूम लागतोय," ते म्हणाले. "कुदळ न्हाय चालायची. पहार लागंल."

हे उठले, कोपऱ्यातली पहार घेतली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि त्यांच्या हातात दिली.